पखवाजाची पुडी आणि सवाईचा मांडव

नेकनूरहून पुण्या-मुंबईला जाणारा माणूस सहसा गाणं ऐकायला म्हणून जात नाही. दवाखाना असतो, कोर्टाची तारीख असते, पोराचं कॉलेज असतं, नाहीतर लग्नाचा बस्ता असतो. पण सप्ताह जवळ आला असला की निघताना भजनी मंडळाचं एक काम गळ्यात पडतंच. मृदंगाची पुडी गेलीय, तेवढी चढवून आणा. पेटीचे दोन सूर बसलेत, ते दाखवा. जमलं तर टाळांचे चार जोड बघा. माणूस शहरात उतरतो, दिवसभर दवाखान्यात बसतो, संध्याकाळी दिसेल त्या दुकानात शिरतो आणि चकचकीत पॉलिश बघून वाद्य उचलतो. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी त्या पेटीचा भाता हवा सोडू लागतो. हे आमच्या भागातल्या कितीतरी मंडळांनी भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात नेकनूरकरासाठी पुण्यातलं पहिलं ठिकाण लक्ष्मी रस्ता नव्हे, आळंदी. नेकनूर हे बंकटस्वामी महाराजांचं गाव. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांच्याबरोबर उभं राहिलेल्या माणसांत बंकटस्वामी होते आणि सोनोपंत दांडेकरही. आजही तिथं चार वर्षं राहून मुलं ज्ञानेश्वरी, गाथा, गायन, मृदंग शिकतात. बीड जिल्ह्यातली पोरं आळंदीत पावलोपावली भेटतात, त्यामुळे तिथं आपण परके नसतो. मनपा भवनावरून पीएमपीची बस थेट आळंदीला जाते. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मृदंग, वीणा, टाळ, पेट्या यांची दुकानं आहेत. पण दुकानात शिरायच्या आधी एखाद्या विद्यार्थ्याला विचारावं, ‘बाळा, तू तुझा मृदंग कुणाकडे टाकतोस?’ रोज पहाटेपासून हात घासणारं पोर ज्याचं नाव सांगेल, तो कारागीर खरा. माझ्या मते वाद्य घेण्याची सगळी गोम इथंच आहे. आधी दुरुस्त करणारा शोधायचा. विकणारा आपोआप सापडतो, आणि बऱ्याचदा तो एकच असतो.

कारागिराकडे गेलात तर काम टाकून लगेच निघू नका, तासभर बसा. जुनी पुडी उतरली की खोड उघडं पडतं. आतून हात फिरवून तो चीर बघतो, कीड बघतो. खोड शिसवीचं, खैराचं असेल तर नाद भरीव येतो, पण दिंडीत गळ्यात घालून चालणाऱ्याचा खांदा भरून येतो. त्याला आंब्यासारखं हलकं लाकूड बरं. मग भिजवलेलं कातडं तोंडावर बसतं, गजरा आवळला जातो आणि जाड वादी एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे ओढत नेली जाते. हे काम अंगातली ताकद मागतं. पण खरी कसोटी शाईची. लोखंडाची भुकटी खळीत मळून केलेला तो काळा लगदा. एकदम थापायचा नसतो. बोटभर घ्यायचा, पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडानं घासायचा, सुकू द्यायचा, मग वर दुसरा थर. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा लहान, त्यामुळे मधोमध जाडी वाढत जाते. घासता घासता शाईला केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. नवखा माणूस त्या बघून पुडी खराब आहे म्हणेल, पण त्या भेगांमुळेच शाई कातड्याबरोबर हलते आणि सूर मोकळा होतो. घाईनं, जाड थर देऊन केलेली शाई दिसायला तुकतुकीत असते आणि काही महिन्यांत पोपडे धरते.

या शाईचं मोल चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ओळखलं होतं. कोलकात्यात काम करत असताना १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी भारतीय तालवाद्यांवर टिपण छापलं. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून बहुतेक ढोलांतून नुसता आवाज येतो. मधोमध शाईचं वजन पडलं की ते स्वर तारेच्या वाद्यासारखे मूळ स्वराच्या पटीत येतात आणि तबला, मृदंग सुरात बोलू लागतात. शास्त्रज्ञाला ज्याचं नवल वाटलं ते काम आपले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या मांडी घालून करत आले. त्यांच्याशी मजुरीसाठी दहा-वीस रुपयांची घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं.

निघण्याआधी घरी एक काम करून जावं. आपलं मंडळ कुठल्या पट्टीत गातं ते पेटीवर बघून कागदावर लिहून घ्यावं : काळी एक, काळी दोन, पांढरी चार, जी असेल ती. शाईच्या तोंडाचा व्यास जितका लहान, तितका सूर चढा. खर्जातला मृदंग घेऊन चढ्या पट्टीत ओढायला गेलं की वादी तुटते, नाहीतर पुडी फुटते. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप असतंच. दुकानात तेच लावून आपल्या पट्टीत वाद्य मिळवून मागावं. चांगला दुकानदार याला कधी नाही म्हणत नाही. नटबोल्टचे मृदंगही मिळतात. पान्यानं झटपट सूर लागतो, ज्या गावात वादी ओढणारा कुणी नाही तिथं सोय होते. पण वजन वाढतं, आणि जुन्या वाजवणाऱ्यांना वादीचाच नाद गोड लागतो. मीही त्यांच्याच बाजूचा.

पेटीचं वेगळं. १८४२ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलेलं हे वाद्य आपल्याकडे आलं, जमिनीवर बसलं आणि भजनात इतकं मुरलं की ते परदेशी होतं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आकाशवाणीनं मात्र १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. पेटी घेताना आधी भाता बघावा. सगळे खटके बंद करून भाता भरा आणि हात सोडा. तो धपकन बसला तर हवा गळतेय. मग अगदी मंद हवेवर एकेक पट्टी दाबा. प्रत्येक सूर त्याच हवेवर बोलला पाहिजे आणि बोट उचलताच गप्प झाला पाहिजे. पुष्कळ पेट्यांतले सूर गुजरातेतल्या पालिताण्याचे असतात, आणि दुकानदार ते अभिमानानं सांगतो. खर्ज-नर, नर-मादी अशा जोड्या असल्या तर दोन्ही सूर एकत्र वाजवून ऐका. त्यात थरथर जाणवली तर जुळवणी कच्ची आहे. तिथल्या तिथं जुळवून मागा, घरी आणून नव्हे.

पुणे शहरात लक्ष्मी रस्ता, अप्पा बळवंत चौक, शनिवार पेठ या पट्ट्यात वाद्यांची दुकानं आहेत. श्रावण-भाद्रपदात तिकडे जाऊ नये. ढोल-ताशा पथकांच्या कामांनी चामड्याचे कारागीर बुडालेले असतात, आणि पावसाळी हवेत कातडं ओल धरून सैल पडतं, त्यामुळे सूर नीट पारखताही येत नाही. दिवाळीनंतरची कोरडी थंडी सगळ्यांत चांगली. मुंबईला गेलात तर दादरला १९२५ पासूनचं हरिभाऊ विश्वनाथ आहे, आणि पोराला गिटार किंवा कीबोर्डचा नाद असेल तर धोबी तलावाचं फुर्टाडोज, ज्यांचा धंदा १८६५ पासूनचा.

तंतुवाद्य हवं असेल तर पुण्या-मुंबईवर अडून बसू नका, मिरज गाठा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांतल्या फरीदसाहेबांनी तिथं तंतुवाद्यं करायला घेतली, पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला, आणि घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. आज तिथं सतारमेकर गल्ली आहे. तानपुऱ्याला लागणारे मोठे कडू भोपळे सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा-पंढरपूरकडच्या भीमाकाठचे. वर्षानुवर्षं वाळवलेला भोपळा कारागीर बोटानं टिचकी मारून निवडतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भारतातल्या मोठमोठ्या गवयांमागे जे तानपुरे दिसतात, त्यांतले कितीतरी याच गल्लीत जन्मलेले असतात.

आणि मिरजेला वाद्याच्या कामासाठी जायचं तर खाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात जावं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले आणि तिथंच दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात दर्ग्यात संगीतसभा भरते. गवई हजेरी लावतात आणि ऐकायला तिकीट लागत नाही. या खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. १९५२ मध्ये गुरू गेले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ साली, भीमसेनजींनी आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे पुण्यात त्यांचा पुण्यतिथी उत्सव सुरू केला. तोच आजचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव.

सवाई म्हटलं की आपल्याकडचा माणूस बिचकतो. ते मोठ्या लोकांचं गाणं, आपल्याला काय कळणार, असं म्हणतो. हे म्हणणं मला अजिबात मान्य नाही. ज्यानं लहानपणापासून सप्ताहात पहाटेचा काकडा ऐकला, रात्री कीर्तनात उभं राहून चाली धरल्या, वीणेचा पहारा केला, त्याचा कान शहरातल्या कित्येकांपेक्षा तयार असतो. रागाचं नाव माहीत नसेल, पण कुठल्या चालीत अंगावर काटा येतो ते त्याला पक्कं ठाऊक असतं. भीमसेनजींची अभंगवाणी आपण एसटीत, टपरीवर, देवळाच्या भोंग्यावर ऐकत वाढलो. त्याच गळ्याचा ख्याल ऐकायला कसली भीती? डिसेंबरात मुकुंदनगरच्या मैदानावर मांडव पडतो. खुर्च्या महाग असतात, पण भारतीय बैठकीचं तिकीट सगळ्यांत स्वस्त, आणि मांडी घालून तासन्‌तास बसायची सवय आपल्याला आहेच. पूर्वी मैफल रात्रभर चाले. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे आता ती दुपारी सुरू होऊन रात्री आटोपते, म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी परतणंही सोपं.

पैसे खर्चायचे नसतील तरी गाणं मिळतं. कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींच्या संजीवन समाधी सोहळ्यात आळंदीच्या फडाफडांतून आणि धर्मशाळांतून कीर्तन-भजन चालू असतं, आणि साथीला महाराष्ट्रातले नामी मृदंगवादक असतात. हात कसा पडतो ते बघायचं तर याहून मोठी शाळा नाही. शहरात भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज आहे, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये सुरू केलेलं गांधर्व महाविद्यालय आहे. अशा संस्थांच्या छोट्या बैठकांत गवई हाताच्या अंतरावर असतो. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांच्या प्रवेशिका पुष्कळदा मोफत असतात, मात्र आदल्या दिवशी रांग लावावी लागते. वर्तमानपत्रातलं ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर आणि नाट्यगृहाबाहेरचा फलक, हे दोन सकाळी वाचले की दिवसाची सोय होते.

एवढं लांब जमत नसेल त्यांनी केजवरून पुढे अंबाजोगाई गाठावी. नोव्हेंबरात तिथं यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो, त्यात शास्त्रीय गायन-वादन असतं. त्याच तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर पखवाज घेऊन देशभर गेले आणि पद्मश्री झाले, त्यांच्या चिरंजीवांनी, उद्धवबापूंनी, तो वारसा पुढे नेला. बीड जिल्ह्यातल्या मृदंगाला कुणापुढे मान खाली घालायचं कारण नाही.

आता प्रवासही थोडा सोपा झालाय. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला पहिली रेल्वे सुटली. परळीपर्यंतचा मार्ग पुरा व्हायचा आहे, आणि पुण्याला जाणाऱ्यांची खरी भिस्त अजून एसटीवरच आहे. मृदंग एसटीच्या टपावर टाकू नका, मांडीवर घ्या. गोधडीत गुंडाळा, दोन्ही तोंडांना वाटीसारखी पुठ्ठ्याची झाकणं बांधा. डाव्या तोंडाची कणीक आधी खरवडून काढा, वाटेत ती वाळून कातडं ओढते.

एक विनंती मात्र प्रत्येक मंडळाला आहे. वाद्याच्या कामाला जाणाऱ्या माणसाबरोबर गावातलं एखादं शिकणारं पोर पाठवा, मुलगी शिकत असेल तर तिला आवर्जून पाठवा. तिच्या तिकिटाचे पैसे मंडळाच्या वर्गणीतून द्या. कारागिराकडे तिला तासभर बसू द्या आणि परतायच्या आदल्या संध्याकाळी एक मैफल ऐकवूनच आणा.