अंगावरून पांढरं जातंय? केव्हा दाखवायचं

थोडा पांढरट, बिनवासाचा स्राव ही योनीची रोजची स्वच्छता आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत तो अंड्याच्या पांढऱ्यासारखा पातळ, तार सुटणारा होतो, गरोदरपणात वाढतो. त्याने हाडं झिजतात, ताकद जाते, ही समजूत खोटी आहे आणि तिने कित्येक बायकांना उगाच घाबरवलं आहे.

नेहमीपेक्षा वेगळं दिसलं, तर मात्र लक्ष द्या. दह्यासारखा घट्ट स्राव आणि असह्य खाज बहुधा बुरशीमुळे असते. मधुमेहात, अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर ती वाढते. करडा, माशासारखा वास येणारा स्राव म्हणजे योनीतल्या उपयोगी लॅक्टोबॅसिलस जिवाणूंची घट. साबणाने किंवा व्हजायनल वॉशने आतून धुतल्यास हा तोल आणखी बिघडतो, म्हणून ते टाळाच. पिवळा-हिरवा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गामुळे असू शकतो. हा संसर्ग लैंगिक संबंधातून पसरतो, त्यामुळे नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. एकटीनेच गोळ्या घेतल्या तर तो पुन्हा होतो.

ओटीपोटात दुखणं, ताप, गरोदरपणात वास, खाज किंवा पाणी जाणं, संबंधानंतर रक्त: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पाळी कायमची थांबल्यावर रक्तमिश्रित स्राव आला, तर गर्भाशय व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी हवीच. दुकानातून मलम आणून वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी व औषधं मोफत मिळतात, नाव गुप्त राहतं.