दक्षिणेचा दरवाजा

घर आवरणे ही आमच्या आईबापांच्या आयुष्यात कधी न आलेली गोष्ट आहे. आवरायला आधी घरात काही असावे लागते. माझ्या लहानपणी घरात एक पत्र्याची पेटी, दोन वाकळा, चार भांडी आणि दोरीवर लोंबणारे कपडे होते. आज मी महाविद्यालयात शिकवतो, पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि भाड्याच्या घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत आवराआवर काढली. पत्नीने शाळेतल्या एका बाईंकडून फेंगशुईचे पुस्तक आणले. बुद्धिप्रामाण्य मानणाऱ्याने असल्या गोष्टीला हात लावू नये, असे मला प्रथम वाटले. पण न तपासता नाकारणे हीदेखील एक पोथीनिष्ठाच. तेव्हा करून पाहायचे ठरवले.

फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. ही विद्या चीनमध्ये जिवंतांच्या घरांइतकीच मेलेल्यांच्या थडग्यांसाठी वापरली गेली. गुओ पू (२७६-३२४) याच्या नावावर सांगितला जाणारा तिचा जुना ग्रंथ तर दफनाविषयीच आहे. जमिनीतून 'ची' नावाचा एक जीवनप्रवाह वाहतो, वाऱ्याने तो विखुरतो आणि पाण्यापाशी थांबतो, ही तिच्या मुळाशी असलेली कल्पना. उत्तर चीनचे हवामान डोळ्यांपुढे आणले की यातले बरेचसे उलगडते. हिवाळ्यात उत्तरेकडून हाडे गोठवणारे वारे येतात, सूर्य दक्षिणेकडे असतो. साहजिकच घराची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला. बीजिंगचा राजवाडा (१४०६-१४२०) दक्षिणाभिमुख आहे आणि खंदकातून निघालेल्या मातीची टेकडी त्याच्या उत्तरेला उभी आहे. सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसे. होकायंत्राच्या सुईला चिनी भाषेत नावच मुळी 'दक्षिण दाखवणारी सुई' असे आहे.

हे वाचताना मी थांबलो. कारण आमच्या घराचा दरवाजा दक्षिणेला आहे, आणि हे घर आम्हाला मिळाले ते त्यामुळेच. आडनाव विचारून झाल्यावर चार ठिकाणी 'कळवतो' हे उत्तर ऐकले होते. हे घर दक्षिणमुखी म्हणून वर्षभर रिकामे पडले होते. वास्तुशास्त्र मानणारे भाडेकरू उंबऱ्यावरूनच परत जात. घरमालकाला भाडे हवे होते, त्याने आडनावाकडे काणाडोळा केला.

आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे पाय करून झोपू नये, हे कुठल्याही घरात ऐकायला मिळते. पण ही दिशा केवळ झोपण्याबसण्यापुरती राहिली नाही. खेड्यातल्या स्पृश्यांनी अस्पृश्यांवर लादलेले नियम बाबासाहेबांनी एका लेखात कलमवार नोंदवले आहेत. त्यात अस्पृश्यांची वस्ती गावाच्या दक्षिणेला असावी, कारण ती सर्वांत अशुभ दिशा, आणि हा नियम मोडणे हा अपराध, असे एक कलम आहे. आमच्या भागात पुष्कळ गावांत वस्ती पूर्वेला आहे. पश्चिमेचा वारा आमच्या अंगावरून गावात जाऊ नये म्हणून, असे जुनी माणसे सांगतात. म्हणजे वारा आपल्याकडेही पाहिला गेला, फक्त तो कुणाला लागू नये एवढेच पाहिले गेले. चीनचा सम्राट ज्या दिशेकडे तोंड करून बसला, तीच दिशा इथे आमच्या वाट्याला शिक्षा म्हणून आली. दिशेच्या अंगी गुण असता तर सरहद्द ओलांडताच तो उलटा कसा झाला?

पुस्तकात घराचे नऊ चौकोन पाडून प्रत्येकाला संपत्ती, कीर्ती, विवाह असे एकेक खाते दिले होते. इथे एक गंमत आहे. होकायंत्र मानणारी परंपरा संपत्तीचा कोपरा आग्नेयेला धरते. दुसरी पद्धत लिन युन यांच्यामुळे १९८० च्या दशकात अमेरिकेत रुजली. ती होकायंत्र बाजूला ठेवते आणि दारातून आत शिरताना जो समोरचा डावा कोपरा, तो संपत्तीचा मानते. आमच्या घरात पहिल्या हिशेबाने संपत्ती चपलांच्या फळीवर येते आणि दुसऱ्या हिशेबाने न्हाणीत. आपल्या बाजारातल्या पुस्तकांत या दोन्ही पद्धतींची सरमिसळ असते. खुद्द चीनमध्ये १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत ही विद्या जुन्या रूढींत जमा होऊन झोडपली गेली. आपल्याकडे तिचा बाजार भरला तो १९९० नंतर, वास्तुशास्त्राच्या जोडीने.

प्रयोग मी दोन भागांत केला. आधी फक्त आवराआवर. पलंग हलवून दार दिसेल असा ठेवला, खिडकीपुढचे कपाट काढले, रद्दी विकली. आठवडाभरात फरक जाणवला. उजेड आला, कुबट वास गेला, आईचा खोकला थोडा उतरला. नंतर महिनाभर पुस्तकाप्रमाणे स्फटिक आणि वाऱ्यावर वाजणाऱ्या नळ्या टांगल्या. त्याने नवे काही घडले नाही. फक्त रात्री नळ्या वाजून आईची झोप मोडू लागली. एका घराच्या अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण आमच्यापुरते तरी श्रेय कशाचे ते कळले. बंद खिडकी उघडली की हवा येते, याला 'ची' म्हटल्याने तिच्यात भर पडत नाही. दार दिसेल असे झोपल्यावर माणूस निर्धास्त होतो, हे आमच्या वस्तीत रात्री जागून काढलेल्या कुणालाही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

खरी अडचण पुढे आली. करेन किंग्स्टन या लेखिकेने १९९८ मध्ये फेंगशुई आणि घरातला पसारा यांची सांगड घालणारे पुस्तक लिहिले, आणि पुढे अशा पुस्तकांची रीघ लागली. यांतून एक विचार पुन्हा पुन्हा येतो: जुन्या, वापरलेल्या वस्तूंत आधीच्या मालकाची ऊर्जा चिकटून असते, त्या घरात नकोत. हे आपण कुठे ऐकले आहे? वस्तूला माणूस चिकटतो आणि ती शिवली की आपल्यालाही तो लागतो, हाच तर विटाळ! मनुस्मृतीने चांडाळाला प्रेतावरची वस्त्रे आणि फुटकी भांडी नेमून दिली. आमच्या तीन पिढ्या दुसऱ्याच्या उतरलेल्या कपड्यांत वाढल्या. मी दहावीची परीक्षा दिली तो सदरा कुणाचा होता, हे मला आजही माहीत नाही. त्याची ऊर्जा वाईट असती तर मी नापास व्हायला हवा होतो. आणि आता मी जे गाठोडे बांधून दाराबाहेर ठेवले, ते न्यायला कोण आले? कचरा वेचणारी, आमच्याच माणसांतली एक बाई. मी तिला आत बोलावले, चहा दिला आणि कपडे घडी करून हातात दिले. तरी अवघडलेपण गेले नाही.

मग आईची पेटी निघाली. न्हाणीच्या भिंतीला टेकून ती सात वर्षे उभी होती. पुस्तकाच्या मते जुने कागद प्रवाह अडवतात. आई पेटीवरच बसली. "कागद टाकायचा नाही बाबा. कागदावरच तर नोकरी लागली तुला." अनुसूचित जातीचा दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आमच्याकडे तो एकच आहे: आजोबांच्या शाळेचा उर्दूतला उतारा, निजामाच्या काळातला. पेटी उघडली तर तळाला ओल आणि वाळवी. उताऱ्याचा एक कोपरा गेला होता. नाव आणि तारीख शाबूत होती. पुस्तक आणले नसते तर पेटी आणखी वर्षभर तिथेच राहिली असती, हे कबूल केले पाहिजे. "संपत्तीचा कोपरा तो, पुस्तकात खोटं नव्हतं," पत्नी म्हणाली आणि आम्ही तिघेही हसलो.

त्या बाईंनी पुस्तकाबरोबर हसऱ्या बुद्धाची मूर्तीही दिली होती. आईने ती तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी विचारले, "ह्यो कोन्ता बुद्ध रं? आपला तर असा नाही." तिचे बरोबर होते. हा सिद्धार्थ गौतम नव्हे. दहाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये होऊन गेलेला बुदाई नावाचा भिक्खू, ज्याला तिकडचे लोक मैत्रेयाचा अवतार मानतात. बुदाई म्हणजे कापडी पिशवी. मिळेल ते पिशवीत टाकून तो गावोगाव फिरे. पोट चोळले की पैसा येतो, हे लोकांनी मागाहून त्याला चिकटवले. आईला पिशवीची गोष्ट आवडली. मूर्ती तिने तसबिरींखालून काढून खेळण्यांत ठेवली.

कागद दोन दिवस उन्हात वाळवले. उताऱ्याच्या चार साक्षांकित प्रती काढल्या, एक धाकट्या भावाकडे दिली. पेटी आता विटांवर आहे, दक्षिणेच्या दाराजवळ, जिथे दुपारपर्यंत ऊन येते.