सहा ध्वनींची कसोटी

म, ऊ, आ, ई, श, स. कर्णबधिर मुलाच्या कानापर्यंत बोलणे कितपत पोचते, हे या सहा ध्वनींवरून काही मिनिटांत कळते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, माणसाचा आवाज पुरतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात काम केलेल्या डॅनियल लिंग यांची ही देणगी. कर्णबधिर मुलांच्या वाचेवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली आला. आधी ध्वनी पाचच होते. ‘म’ नंतर आला.

हेच सहा का? ‘म’चा गुंजारव साधारण २५० हर्ट्झच्या आसपास असतो, तर ‘स’चा सूत्कार ४००० हर्ट्झच्याही वर. बाकीचे चार मधला पट्टा व्यापतात. सहाही ऐकू आले, तर बोलण्याचा जवळजवळ सगळा पट्टा कानात उतरतो.

तपासणारा मुलाच्या बाजूला बसतो आणि तोंड झाकतो, कारण ओठ वाचण्यात ही मुले तरबेज असतात. मग नेहमीच्या आवाजात, क्रम बदलत, एकेक ध्वनी उच्चारतो. लहान मूल आवाज आला की डब्यात मणी टाकते. मोठे मूल तोच ध्वनी परत म्हणते.

खरा चमत्कार चुकीत दिसतो. ‘ई’ म्हटल्यावर मूल ‘ऊ’ म्हणाले, तर ती जिभेचीच चूक असेल असे नाही. या दोन्ही स्वरांचा खालचा भाग जवळपास सारखा असतो. फरक वरच्या पट्टीत असतो. म्हणजे तीच पट्टी कानापर्यंत पोचत नसावी.

मराठी मुलासाठी ‘स’ तर फारच मोलाचा. ‘जेवला’ आणि ‘जेवलास’ यांत तेवढाच फरक! तो ऐकू आला नाही, तर आई आपल्याला विचारते आहे की दुसऱ्याबद्दल बोलते आहे, हे कसे कळणार?

ऐकण्याची खात्री झाली की वाचेची तपासणी. लिंग यांनी तिचे दोन स्तर मानले. पहिल्यात ‘बाबाबा’, ‘बीबीबी’ अशी अक्षरे मूल सहज, भरभर म्हणू शकते का, हे पाहतात. दुसऱ्यात तेच ध्वनी गप्पांत अर्थासह येतात का, हे. अक्षरे साधली तरी बोलण्यात ती उतरतीलच असे नाही, म्हणून दोन्ही स्तर वेगवेगळे नोंदवायचे.

सहा ध्वनींची कसोटी पालकांनी घरी रोज सकाळी, श्रवणयंत्र लावल्याबरोबर घ्यावी. काल ‘स’ला मणी टाकणारे मूल आज गप्प बसले, तर त्याला रागावू नये. आधी यंत्राची बॅटरी पाहावी, कानातल्या साच्यात मळ अडकला आहे का ते पाहावे. तरीही ‘स’ येत नसेल, तर श्रवणतज्ज्ञांना गाठावे.