रेडिओंतील दिवा

पोलिसांच्या गाडींत किंवा हौशी रेडिओवाल्यांच्या मेजावर निरोप देण्याघेण्याचा जो रेडिओ असतो, त्याच्या तबकडीमागें एक लहानसा दिवा असतो. जुन्या यंत्रांत तो तारेचा असे. तार तापून उजेड पडे. पण बहुतेक शक्ति उष्णतेंत वायां जाई आणि कालांतरानें तार तुटे. त्या जागीं आतां पुष्कळ हौशी लोक आपल्या आवडीच्या रंगाचा एल्.ई.डी. बसवितात.

एल्.ई.डी.मध्यें तार नसते. अर्धवाहक पदार्थाच्या दोन थरांच्या सांध्यांतून वीज जाऊं लागली कीं प्रकाश निघतो. तांबडा एल्.ई.डी. १९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं केला. तेजस्वी निळा साधण्यास आणखी सुमारें ३० वर्षें लागलीं. त्याबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा यांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

विद्यार्थिमित्रांनो, या दिव्याचा एक स्वभाव ध्यानांत ठेवा. तारेचा दिवा तापला म्हणजे त्याचा रोध वाढतो व प्रवाहास आपोआप आळा बसतो. एल्.ई.डी.स असा संयम नाहीं. दाब किंचित् वाढतांच प्रवाह बेसुमार वाढून तो जळतो. म्हणून त्याच्याबरोबर एका ओळींत रोधक जोडावा लागतो.

हा रोधक केवढा असावा? चालू गाडींत दाब सुमारें १३.८ व्होल्ट असतो. पांढऱ्या एल्.ई.डी.स त्यांपैकीं ३ लागतात, उरले १०.८. प्रवाह ०.०१ अँपिअर पुरेसा आहे. ओहमच्या नियमानें १०.८ ला ०.०१ नें भागितल्यास १,०८० ओहम येतात. बाजारांत मिळणारा १,००० ओहमचा, पाव वॅटचा रोधक चालेल. लांब तार धन बाजूस व आंखूड तार ऋण बाजूस जोडावी. डाख देण्यापूर्वीं वीज अवश्य तोडावी.

उजेड कमीजास्त करणारीं कांहीं स्वस्त साधनें वीज सेकंदास शेंकडों वेळां तोडतात व जोडतात. त्यांची खरखर रेडिओंत शिरते. साध्या रोधकापासून हा उपद्रव होत नाहीं. काम झाल्यावर रिकाम्या लहरीवर रेडिओ लावून दिवा एकदां पेटवावा, एकदां मालवावा. खरखर बदलली तर जोडणी सदोष समजावी.

ही परीक्षा क्षुल्लक नव्हे. २००१ च्या भूज येथील भूकंपांत दूरध्वनि बंद पडले असतां हौशी रेडिओवाल्यांनीं निरोप पोंचविले. अशा प्रसंगीं दुरून येणारा क्षीण आवाज ऐकूं येणें हेंच मुख्य. दिवा शोभिवंत खुशाल असावा. पण रेडिओचें खरें काम ऐकण्याचें आहे, हें विसरूं नये.