टाचणात काय लिहायचं आणि काय मोकळं सोडायचं
(लेखांक ६)

गेल्या आठवड्यात विगिन्स आणि मॅकटाय या शिक्षणतज्ज्ञांचं उलटं नियोजन पाहिलं. घटकाच्या शेवटी मुलाला काय यायला हवं ते आधी ठरवायचं, ते आलं हे कशावरून ओळखायचं ते मग, आणि रोजचे तास सगळ्यात शेवटी. पद्धत चोख आहे. पण कोणतं पुस्तक वाचायचं, कशावर लिहायचं, हे कोणी ठरवायचं?

अमेरिकेच्या मेन राज्यात बूथबे हार्बरला आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या नॅन्सी ॲटवेल यांचं उत्तर होतं : मुलांनी. १९८७ साली आलेल्या ‘इन द मिडल’ या त्यांच्या पुस्तकानं तिथल्या मिडल स्कूलच्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या, शिक्षकांत मोठी चर्चा घडवली.

मुलंच ठरवणार तर बाईंनी करायचं काय? भरपूर. तासाची सुरुवात छोट्या पाठानं. विषय एकच : गोष्टीची सुरुवात कशी करावी, संवादाला अवतरणचिन्हं कुठे द्यावीत, असं काहीतरी. मग हजेरीसारखी नावं घ्यायची आणि प्रत्येकानं आज काय करणार ते एका वाक्यात सांगायचं : ‘दुसरा खर्डा’, ‘शेवट बदलतोय’. बाई ते तक्त्यात टिपतात. दोन-तीन मिनिटांचं हे काम मला या पद्धतीचा कणा वाटतं, कारण कोण कुठे अडकलंय ते रोज कळतं आणि मुलगाही स्वतःच्या शब्दाला बांधला जातो. उरलेला वेळ लिहिण्याचा. बाई बाकाबाकाशी जाऊन हळू आवाजात विचारतात, ‘कसं चाललंय?’ लेखणी मात्र मुलाच्याच हातात.

वाचनाचंही तसंच. पुस्तक मुलाच्या आवडीचं, आणि त्यावर प्रश्नोत्तरांऐवजी पत्र. मुलगा वाचलेल्या पुस्तकाविषयी बाईंना लिहितो, बाई उत्तर देतात. पत्रांचा हा ढीग वाचणं म्हणजे काय, हे वह्या तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला वेगळं सांगायला नको.

थोडक्यात, इथे आधी ठरलेली असते ती तासाची घडी, मजकूर मोकळा. घडी रोज तीच असल्यामुळेच मुलांना मोकळीक झेपते.

१९९० मध्ये ॲटवेल यांनी एजकॉम्बला स्वतःची शाळा काढली. २०१५ मध्ये पहिलं ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळालं. दहा लाख डॉलरची ती रक्कम त्यांनी शाळेलाच दिली. हाच पुरस्कार २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना मिळाला.

आक्षेपही खरे आहेत. ॲटवेल यांची शाळा लहान, वर्गही लहान. २०१० पासून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या ‘कॉमन कोअर’ मानकांत युक्तिवादात्मक, माहितीपर आणि कथनात्मक असं तिन्ही प्रकारचं लेखन अपेक्षित आहे. मुलांच्या मर्जीवर सोडलं तर बरीच मुलं गोष्टीच लिहीत राहतील. शिवाय सगळ्या वर्गानं मिळून एक पुस्तक वाचण्यातली भांडणं वेगळीच रंगतात, आणि ती मला गमवावीशी वाटत नाहीत. म्हणून पूर्ण मोकळीक मला पटत नाही.

आपल्याकडे साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासात हे जसंच्या तसं बसणार नाही. शिक्षक वाचकांनी आठवड्यातला एक तास मात्र देऊन पाहावा. पाच मिनिटं पाठ, नावांची फेरी फक्त एका रांगेची, बाकी वेळ लेखन. महिनाभरानं काय दिसलं ते जरूर कळवा. पुढच्या लेखांकात ‘कॉमन कोअर’.