दुखरे सांधे, वाढतं वजन

कुपोषणाशी लढायला 2005 साली राज्यात मिशन उभं राहिलं, त्याला नाव दिलं राजमाता जिजाऊंचं. जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा, म्हणजे आमचाच बुलढाणा जिल्हा. तेव्हापासून अंगणवाडीच्या वजनकाट्यापुढे इथे एकच धास्ती: पोर वाळलं तर नाही? संग्रामपूर, जळगाव जामोदच्या सातपुड्यात ती आजही खरी आहे. पण त्यामुळे वजन वाढलं की आपण निर्धास्त होतो, आणि संधिवाताच्या मुलांबाबत नेमकी तिथेच फसगत होते.

मुलांचा संधिवात लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी 1897 मध्ये सविस्तर मांडला. ठळक गुण देणारं औषध यायला अर्धं शतक लागलं. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांधे आखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं. काही दिवसांतच ती चालू लागली. 1950 चं नोबेल त्याच कामाला मिळालं. मग स्टेरॉइडची दुसरी बाजू दिसली: भूक खवळते, चेहरा गोल होतो, पोट सुटतं, उंची खुंटते.

घरात मात्र तो गोल चेहरा पाहून आजी म्हणते, "पोरगी सुधारली." दुखणंही थांबलेलं, म्हणून जुनीच चिठ्ठी दाखवून स्टेरॉइडच्या गोळ्या आणल्या जातात. गुडघा दुखेल म्हणून सायकल बंद, पीटीच्या तासाला वर्गात बसणं. पथ्य म्हणून ताक, वांगं, चिंच बंद. बिस्किटांचा पुडा चालूच. हे पथ्य उलटं आहे, असं मला ठामपणे वाटतं. वाढलेला भार त्याच दुखऱ्या गुडघ्यावर पडतो, शिवाय चरबीच्या पेशी सूज वाढवणारी द्रव्यं सोडतात. गोळी एकाएकी सोडणं मात्र धोक्याचं. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू कमी करावी लागते.

दरम्यान स्टेरॉइडला पर्यायही आले. अमेरिका आणि तत्कालीन सोव्हिएत संघातल्या डॉक्टरांच्या, 1992 साली प्रसिद्ध झालेल्या संयुक्त चाचणीत मेथोट्रेक्सेट हे औषध मुलांना उपयोगी ठरलं. पुढे जैविक इंजेक्शनं आली. 2014 मध्ये त्यांतल्या अ‍ॅडालिमुमॅबची स्वस्त भारतीय आवृत्ती निघाली, तरी शेतकरी कुटुंबाला ती जडच. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना स्टेरॉइडच्या गोळ्या शक्यतो टाळा म्हणतात. खास पथ्यांपेक्षा वयाला साजेसा चौरस आहार आणि फिजिओथेरपी सुचवतात.

9 ऑक्टोबर 2024 रोजी बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. संधिवाताच्या प्रत्येक मुलाची उंची, वजन आणि कंबरेचा घेर दर भेटीला तिथे नोंदला जावा, आणि कोणता व्यायाम चालेल याची शाळेच्या पीटी शिक्षकांसाठीची चिठ्ठी पालकांच्या हाती पडावी. याला महागडं इंजेक्शन लागत नाही.