रुगरचं ‘पॉइंट टू-टू’ आणि कानस धरणारे हात

अमेरिकेत हौशी नेमबाजाच्या कामाच्या टेबलावर एक पिस्तूल हमखास उघडून ठेवलेलं दिसतं. ते म्हणजे रुगर कंपनीचं ‘पॉइंट टू-टू’ काडतुसाचं पिस्तूल. ते जगातलं सर्वांत अचूक पिस्तूल नाही. युरोपातली ऑलिंपिक दर्जाची पिस्तुलं त्याच्या पुष्कळ पुढे आहेत. तरीही मालकाने हळूहळू आपलंसं करून घ्यावं, असं दुसरं पिस्तूल सापडणं कठीण. याचं कारण त्याच्या जन्मातच आहे.

दुसरं महायुद्ध संपताना विल्यम रुगर यांना एका परतलेल्या मरीन सैनिकाकडून जपानी नाम्बू पिस्तूल मिळालं. त्याच्या दोन प्रतिकृती त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये घडवल्या. त्या विकायच्या नाहीत असं ठरलं, पण नळकांड्यासारख्या रिसीव्हरच्या आत मागेपुढे सरकणारा गोल बोल्ट त्यांच्या डोक्यात पक्का बसला. 1949 साली अलेक्झांडर स्टर्म यांच्या 50,000 डॉलरच्या भांडवलावर कनेक्टिकटमधल्या साउथपोर्ट गावात कंपनी उभी राहिली आणि ‘स्टँडर्ड’ पिस्तूल बाजारात आलं. किंमत 37.50 डॉलर.

ही किंमत साधली ती मुठीच्या सांगाड्यामुळे. अखंड पोलाद कोरत बसण्याऐवजी रुगर यांनी पत्र्याचे दोन अर्धे भाग साच्यात दाबून घेतले आणि वाटीला वाटी लावावी तसे एकमेकांना लावून वेल्ड केले. पैसा वाचवला तो इथे. नळी आणि रिसीव्हर मात्र एकमेकांत घट्ट बसवलेले, आणि नेम धरायची पुढची माशी व मागची खाच दोन्ही याच न हलणाऱ्या जोडीवर. बऱ्याच पिस्तुलांत गोळी सुटताच वरची अख्खी स्लाइड मागे जाते, मागची खाचही तिच्यासोबत जाते. इथे फक्त आतला बोल्ट हलतो. स्वस्ताई कुठे करायची आणि कुठे मुळीच करायची नाही, याची ही जाण मला त्या पिस्तुलाच्या देखणेपणाहून मोठी वाटते.

स्टर्म 1951 मध्ये अगदी तरुण वयात वारले. पिस्तुलावरच्या त्यांच्या लाल गरुडचिन्हाचा रंग त्यानंतर काळा झाला. त्याच वर्षी मागची खाच हलवता येणारं ‘मार्क वन टार्गेट’ आलं, 1982 मध्ये ‘मार्क टू’, 2004 मध्ये ‘मार्क थ्री’. या सगळ्यांत एक खोड कायम राहिली. साफसफाईसाठी उघडणं सोपं, परत जोडणं महाकठीण. हॅमरचा छोटा दांडा आत नेमक्या जागी टेकला नाही, तर सगळं अडून बसतं. 2016 च्या ‘मार्क फोर’मध्ये मात्र मागचं एक बटण दाबलं की वरचा भाग उचलला जातो. त्या मॉडेलची सुरुवातीची पिस्तुलं 2017 मध्ये कंपनीने सेफ्टीच्या दोषामुळे परत मागवली, हेही सांगायला हवं.

आता हौसेची गोष्ट. अमेरिकी कायद्याच्या नजरेत या पिस्तुलाचं ‘शस्त्र’ म्हणजे अनुक्रमांक असलेला रिसीव्हर. मूठ, चाप, साइट हे सुटे भाग दुकानातून सहज आणता येतात. आयोवातल्या कॅरल गावातली वोल्कार्टसेन कंपनी अशाच कामासाठी नावाजलेली आहे. नवशिक्याचा हात आधी चापाकडे जातो. माझ्या मते आधी मूठ घ्यावी.

अमेरिकेतल्या ‘बुल्सआय’ स्पर्धेत पिस्तूल एका हातात धरतात. 50 यार्डांवरच्या, म्हणजे सुमारे 46 मीटरवरच्या निशाण्यावर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेआठ सेंटिमीटरचं असतं. माशी आणि खाच यांत 24 सेंटिमीटरचं अंतर धरलं, तर त्यांच्या जुळणीत एका मिलिमीटरची चूक निशाण्यावर जवळपास 19 सेंटिमीटर होते. म्हणून हात उचलला की माशी आपोआप खाचेच्या मधोमध यायला हवी, मनगट वळवून आणावी लागता कामा नये. अक्रोडाच्या लाकडाची जाडसर मूठ घ्यायची, ती धरून डोळे मिटून नेम धरायचा, मग डोळे उघडून पाहायचं. माशी डावीकडे झुकत असेल तर तळव्याकडचं लाकूड कानशीने थोडं घासायचं, जास्त गेलं तर लाकडाची पुट्टी भरायची, पुन्हा धरून पाहायचं. हे काम आठवडाभर चाललं तरी ते सार्थकी लागतं.

आपल्याकडे कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, तेही याच ‘पॉइंट टू-टू’ काडतुसाच्या खेळात. त्या प्रकारात चापावर किमान 1000 ग्रॅम वजन पेललं गेलंच पाहिजे आणि मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. हाताबरहुकूम मूठ घडवणं तिथेही चालतंच.

चापाचं काम शेवटी, आणि ते जाणत्या कारागिराकडून. बुल्सआयमध्ये ‘टू-टू’च्या चापाला किमान दोन पौंड, म्हणजे सुमारे 900 ग्रॅम भार हवा. त्याहून हलका चाप स्पर्धेत बाद ठरतो आणि हातात धोका ठरतो. मॅगझीन काढल्यावर गोळी सुटू नये म्हणून ‘मार्क थ्री’पासून घातलेली अडकण काहीजण चाप सुधारण्याच्या नावाखाली काढून टाकतात. ते मला मुळीच पटत नाही. कागदावरच्या एखाद्या गुणासाठी इतकी किंमत मोजू नये.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कारागिराच्या हातात नसते. या काडतुसाची ठिणगी देणारी दारू बुडाच्या कडेत भरलेली असते. फायरिंग पिन तीच कड चेपते, त्यामुळे रिकामी पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मोठ्या काडतुसांचे नेमबाज दारू तोलून स्वतःचं काडतूस बनवतात, इथे कारखान्याचं आहे तेच घ्यायचं. शिवाय एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. एका लॉटच्या गोळ्या दाट बसतात, दुसऱ्याच्या विखुरतात. मूठ, साइट, चाप सगळं मनासारखं झाल्यावर पिस्तूल टेकूवर ठेवून निरनिराळे लॉट तपासायचे असतात. पसंत पडलेल्या लॉटची खोकी जाणकार माणूस हंगामभर पुरतील इतकी एकदमच घेऊन ठेवतो.